पुस्तक कोणते, आणि चूक पकडायची कोणी?

उत्साही : चाळिशी-पन्नाशीतल्या माणसाने भिलाईत मॅन्डोलिन शिकायचे ठरवले, तर पुस्तकावाचून त्याच्यापुढे दुसरा मार्ग कोणता आहे? गिटार, कीबोर्ड, हार्मोनियम, तबला शिकवणारे गावात सापडतात. सतार, सरोद किंवा व्हायोलिन रीतसर शिकायचे असेल, तर खैरागढचे इंदिरा कला संगीत विद्यापीठ दोनेक तासांच्या वाटेवर आहे, आणि ते 1956 पासून हेच काम करत आले आहे. मॅन्डोलिन मात्र दोन्हींच्या मधल्या फटीत राहिले. त्याला घराणे नाही, अभ्यासक्रम नाही. तरीही त्याचा आवाज आपल्या पिढीच्या कानात पक्का बसलेला आहे. सज्जाद हुसेन यांनी हे वाद्य सिनेमात वाजवले आणि त्यावर रागही मांडले. लक्ष्मीकांत कुडाळकरांची संगीतातली पहिली ओळख मॅन्डोलिनवादक म्हणूनच होती. 1995च्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’मुळे तर ज्यांना वाद्याचे नाव ठाऊक नव्हते, त्यांच्याही घरात ते पोचले. म्हणजे ओढ आहे आणि शिक्षक नाही. त्यात पोलाद कारखान्यातला माणूस या आठवड्यात पहिल्या पाळीला, तर पुढच्या आठवड्यात रात्रपाळीला. त्याच्या वेळापत्रकात बसेल असा वर्ग कोण चालवणार? पुस्तक मध्यरात्रीही उघडते, आणि तेच पान दहाव्यांदा उलटले तरी कंटाळत नाही. तेव्हा पुस्तक घ्यावे की नाही, यावर वाद घालण्यात मला अर्थ दिसत नाही. घ्यायचे कोणते, एवढाच प्रश्न आहे.

संशयी : पुस्तकाला माझा विरोध नाही. पुस्तकाच्या वेष्टनावर जे वचन छापलेले असते, त्याला आहे. ते वचन फार जुने आहे. गाब्रिएले लेओने यांचे मॅन्डोलिनचे पुस्तक 1768 साली पॅरिसमध्ये निघाले. शिक्षकाशिवाय आणि थोड्या काळात वाजवता येईल, अशी हमी त्याच्या नावातच होती. चार वर्षांनी मिशेल कोरेत यांचे पुस्तक आले, आणि अगदी थोड्या वेळात शिकवण्याचे आश्वासन त्याच्याही नावात होते. अडीचशे वर्षांत या जाहिरातीचा मजकूर फारसा बदललेला नाही. पण लेओने यांचे ते लांबलचक नाव पुरते वाचले, तर त्यात एक अट दिसते. व्हायोलिनवरून मॅन्डोलिनवर आणि गजावरून पिसाच्या टोकावर कसे यायचे, हे सांगणारे ते पुस्तक होते. ज्याचा डावा हात व्हायोलिनवर तयार झाला आहे आणि ज्याला पाच रेघांची लिपी वाचता येते, त्याच्यासाठी. दोन्ही वाद्यांच्या तारा त्याच सुरांत लागत असल्यामुळे त्याचे अर्धे काम आधीच झालेले होते, आणि म्हणून ते वचन प्रामाणिक होते. आजच्या पुस्तकांनी वचन ठेवले आणि अट पुसून टाकली. भिलाईतल्या आपल्या माणसाने व्हायोलिन कधी हनुवटीखाली धरलेले नाही आणि त्याला पाश्चात्त्य लिपीही येत नाही. मग त्याच्या बाबतीत कोणते अर्धे काम झालेले आहे, ते सांगा.

उत्साही : कानाचे. तीस-चाळीस वर्षे ऐकलेली गाणी ही काही लहान पुंजी नव्हे. भजन, भावगीत, नाट्यपद, लतादीदींची आणि आशाताईंची शेकडो गाणी त्याला तोंडपाठ आहेत, आणि सूर हलला की त्याला ते कळते. त्यामुळे पुस्तक निवडताना माझी पहिली कसोटी अशी, की या पुंजीवर ते काही उभे करते की तिला शून्य धरून चालते. भिलाईतल्या मराठी माणसापुढे तीन भाषांची पुस्तके येतात. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि छत्तीसगढी, कारखान्यात इंग्रजी, असे त्याचे रोजचे जगणे आहे, आणि तिन्ही भाषांतला मजकूर तो सारख्याच सहजतेने वाचतो. इंग्रजीत मेल बे आणि हॅल लिओनर्ड या अमेरिकी प्रकाशनांची मॅन्डोलिनची पुस्तके आहेत. पिक कशी धरावी, मनगट कुठे टेकवावे, कोणते बोट कोणत्या पडद्यावर ठेवावे, हे त्यांच्याइतके नेटके मला दुसरीकडे आढळले नाही. हिंदीत हाथरसच्या संगीत कार्यालयाची परंपरा आहे. प्रभुलाल गर्ग, म्हणजे काका हाथरसी, यांनी 1932 साली ती संस्था उभी केली, आणि घरबसल्या वाद्य शिकू पाहणाऱ्या सामान्य माणसासाठी पुस्तके काढण्यात तिने मोठे काम केले. आणि मराठीत भातखंड्यांची ‘क्रमिक पुस्तक मालिका’ आहे. सहा भागांची ती मालिका मुळात मराठीत लिहिली गेली आणि नंतर हिंदीत गेली, हे आपली माणसेही विसरतात. तिच्यात मॅन्डोलिनचा विषय नाही. तरीही माझ्या मते मराठी प्रौढाने मॅन्डोलिनसाठी घ्यायचे पहिले पुस्तक तेच आहे.

संशयी : ज्या पुस्तकात वाद्याचा विषयच नाही, त्यावरून वाद्य शिकायचे?

उत्साही : हो, आणि त्याचे कारण वाद्याच्या बांधणीत आहे. मॅन्डोलिनला तारांच्या चार जोड्या असतात. जाडीकडून बारकाकडे गेलो तर आपल्या हार्मोनियमच्या भाषेत त्या पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा आणि पांढरी तीन अशा लागतात. कोणत्याही जोडीला षड्ज म्हटले, की तिच्या पुढची बारीक जोडी पंचम होते. आता पांढरी दोनच्या जोडीला मोकळा षड्ज माना. दुसऱ्या पडद्यावर शुद्ध रिषभ, चौथ्यावर गंधार, पाचव्यावर मध्यम. पुढच्या जोडीवर मोकळा पंचम, दुसऱ्यावर धैवत, चौथ्यावर निषाद, पाचव्यावर तार षड्ज. पूर्वांग एका जोडीवर आणि उत्तरांग दुसऱ्या जोडीवर, बोटांची ठेवण तीच. बिलावल झाला. तिसऱ्या पडद्यावर कोमल गंधार आणि कोमल निषाद घ्या, काफी झाला. रिषभ-धैवत पहिल्या पडद्यावर आणा आणि गंधार-निषाद चौथ्यावर राहू द्या, भैरव झाला. सगळे कोमल केले की भैरवी. दहापैकी या चार थाटांत डाव्या हाताची आकृती दोन्ही जोड्यांवर अगदी सारखी पडते. कल्याण आणि पूर्वी यांत फक्त तीव्र मध्यम सहाव्या पडद्यावर सरकतो, बाकी जुळणी कायम राहते. राहिलेल्या चारांत कुठे एक, तर कुठे अधिक स्वर जागा बदलतो, तेवढेच लक्षात ठेवायचे. भातखंड्यांनी बारा स्वरांतून बसवलेले थाट आणि अष्टकाचे बारा पडदे यांचा असा मेळ आहे. अमेरिकी पुस्तक हे कधीच सांगणार नाही, कारण त्याच्या वाचकाला पूर्वांग-उत्तरांगाची गरज नाही. त्याला अपलाचियन डोंगरातल्या नाचाच्या चाली वाजवायच्या आहेत, बिल मन्रोसारखा ठोक्याच्या मधला खटका काढायचा आहे. म्हणून मी म्हणतो, की हातासाठी इंग्रजी पुस्तक घ्या आणि सुरांसाठी ‘क्रमिक’चा पहिला भाग. त्यातल्या सरगमा शब्दांविना असतात, त्यामुळे तारेवर त्या थेट उतरतात.

संशयी : तुम्ही मांडलेली जुळणी खरी आहे. पण तिच्यातून जे हाती येते तो थाट असतो. राग नव्हे, आणि गाणेही नव्हे. पडदा ठोकून बसवलेला आहे. काफीतला कोमल गंधार आणि तोडीतला कोमल गंधार त्याच तिसऱ्या पडद्यावर सापडणार, आणि दोन्ही एकच असल्याची समजूत हाताला होणार. सतारीवर पडद्यामागे तार ओढून हे अंतर भरता येते. मॅन्डोलिनच्या आखूड, ताणलेल्या आणि दुहेरी तारांवर ते फार अवघड आहे. सज्जाद हुसेन यांनी ते साधले, पण त्यांचा हात लहानपणी वडिलांकडून शिकलेल्या सतारीवर घडला होता. दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. भातखंड्यांची मालिका एकट्या वाचकासाठी लिहिलेली नाही. तिच्या मागे वर्ग होता. लखनौला 1926 साली मॅरिस कॉलेज निघाले, तिथे या पुस्तकांवरून शिकवणारे गुरुजी समोर बसत. त्याच परंपरेतले श्रीकृष्ण नारायण रातंजनकर पुढे खैरागढच्या विद्यापीठाचे कुलगुरू झाले, म्हणजे ही पद्धत भिलाईच्या दारात आली ती माणसाबरोबर आली. स्वराखाली आडवी रेघ म्हणजे कोमल, मध्यमावर उभी रेघ म्हणजे तीव्र, खाली टिंब म्हणजे मंद्र, वर टिंब म्हणजे तार, हे सगळे वाचता येते. त्या खुणांमधून गाणे कसे जाते, ते गुरुजी गाऊन दाखवत. ते गाणे काढून घेतले आणि नुसते पुस्तक हाती दिले, तर भातखंड्यांच्या पद्धतीचा अर्धाच भाग आपण वापरतो आहोत, हे मान्य करायला हवे.

उत्साही : मान्य. पण गाऊन दाखवणारा आणि वाद्य शिकवणारा एकच असला पाहिजे, हे तुम्ही गृहीत धरता. यू. श्रीनिवास यांचे उदाहरण घ्या. त्यांचे गुरू रुद्रराजू सुब्बराजू स्वतः मॅन्डोलिन वाजवत नव्हते. ते गात, आणि शिष्य ते तारेवर काढी. कर्नाटक संगीतात मॅन्डोलिनला परंपराच नव्हती, तरी नवव्या वर्षी, 1978 मध्ये, त्यांची पहिली मैफल झाली. म्हणजे वाद्याचा शिक्षक नसणे ही आडकाठी ठरली नाही. गाणे ऐकवणारा हवा होता. आपल्या प्रौढाजवळ गाणे ध्वनिमुद्रित रूपात, हवे तितक्या वेळा, हव्या त्या गतीने उपलब्ध आहे. वाद्याचे तंत्र पुस्तकातून, गाणे कानातून, अशी विभागणी होऊ शकते.

संशयी : त्याच गोष्टीचा दुसरा भाग तुम्ही सोडलात. श्रीनिवास यांचे वडील सत्यनारायण मॅन्डोलिन वाजवत. वाद्य त्या घरात होते आणि ते धरणारा हात मुलाला रोज दिसत होता. गुरूंनी गायलेले मुलाने बरोबर काढले की नाही, हे सांगायला गुरू समोर होते. ध्वनिमुद्रण गाऊन दाखवते, पण तुमचे ऐकत नाही. माझा आक्षेप आता एका वाक्यात येतो, की चूक पकडायची कोणी? भिलाईला हे समजावून सांगायला नको. 1955च्या करारानंतर कारखान्याचे आराखडे सोव्हिएत देशातून आले, आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. पण आराखड्यांबरोबर तिकडचे तज्ज्ञ इथे येऊन राहिले, आणि इथले अभियंते तिकडे शिकायला गेले. भट्टीचा रंग कोणत्या क्षणी बदलतो, हे शेजारी उभ्या असलेल्या जाणत्याने दाखवावे लागले. कागद त्या वेळीही लागत होता, आजही लागतो. एकट्या कागदावर कोणी पोलाद ओतले नाही.

उत्साही : मग चुकांची फोड करू, कारण सगळ्या चुका एका जातीच्या नसतात. काही चुका एकटा माणूस पकडू शकतो, काही नाही. आणि मला वाटते, पुस्तक निवडण्याची खरी कसोटी इथे आहे. चांगले पुस्तक प्रत्येक पानावर शिकणाऱ्याच्या हाती एक तपासणी देते. साधे उदाहरण घ्या. एका जोडीच्या सातव्या पडद्यावरचा स्वर पुढच्या मोकळ्या जोडीशी तंतोतंत जुळला पाहिजे. हे वाक्य पुस्तकात असेल, तर तारा लावल्या की नाहीत हे शिकणारा स्वतः ठरवू शकतो. त्याहून महत्त्वाचे पान घोडीचे. बहुतेक मॅन्डोलिनची घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबाने उभी असते. ती थोडी सरकली, किंवा सगळ्या तारा एकदम काढल्या आणि ती पडली, की पडद्यांचा हिशेब चुकतो. बाराव्या पडद्यावर तारेला हलके बोट लावून निघणारा सूर आणि तिथेच दाबून निघणारा सूर एक आले पाहिजेत. ही परीक्षा ज्याला माहीत नाही, तो वर्षभर आपल्या कानाला दोष देतो, आणि दोष असतो घोडीत. स्वस्तातल्या वाद्यांच्या तारा पडद्यांपासून फार उंच असतात, बोटे सोलवटतात, आणि प्रौढ माणूस म्हणतो की माझे वय झाले. मे महिन्याचे भिलाईतले ऊन आणि त्यानंतरचा दमट पावसाळा यांत लाकूड हलते, हेही लक्षात ठेवायला हवे. वाद्याची ही चौकशी पहिल्या पंधरा-वीस पानांत नसेल, तर पुढे कितीही गाणी असोत, ते पुस्तक नवशिक्याचे नाही. लयीचेही तसेच. ज्या पुस्तकात नुसते सारेगम छापले आहे, मात्रांची विभागणी नाही, समेची आणि खालीची खूण नाही, ते बाजूला ठेवावे. बाजारात अशी बरीच असतात. गाण्याची चाल आधीच पाठ असल्यामुळे वाचकाला त्यातली उणीव जाणवत नाही, आणि लय कच्ची राहते. जाता जाता दोन किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी. अक्षर मोठे हवे, कारण वाद्य मांडीवर असताना पान वाचायच्या चष्म्याच्या अंतरावर राहत नाही. आणि पुस्तक सपाट उघडे राहिले पाहिजे, कारण दोन्ही हात गुंतलेले असतात.

संशयी : ही फोड चांगली आहे, आणि तिने माझा आक्षेप अरुंद केला, हे मी कबूल करतो. सूर, तारा, मात्रा यांची तपासणी पुस्तक देऊ शकते. उरते ते उजव्या हाताचे. पिक तारेला किती तिरकी लागते, मनगट सैल आहे की खांद्यातून जोर येतो आहे, दोन तारांची जोडी एकदम वाजते की पहिलीच लागते आणि दुसरी निसटते, यांवर मॅन्डोलिनचा आवाज ठरतो. पुस्तकातले चित्र स्थिर असते आणि हे सगळे हालचालीत आहे. ध्वनिचित्रफिती जोडलेली पुस्तके आता निघतात, त्यांत दुसऱ्याचा हात दिसतो, स्वतःचा नाही. तुम्ही म्हणाल, फोनवर आपले वाजवणे टिपून घ्यावे. जरूर घ्यावे. पण तिथे प्रौढाची एक खास अडचण येते. मुलाचा कान आणि हात बरोबरीने वाढतात. प्रौढाचा कान तीस वर्षे पुढे गेलेला असतो, हात पहिल्या दिवशीचा. ज्याला तुम्ही पुंजी म्हणालात, तीच त्याला छळते. आपण वाईट वाजवतो हे त्याला लगेच कळते, का वाईट वाजते हे कळत नाही. मग तो वाद्य खुंटीला टांगतो, नाही तर जलद गाण्यांकडे वळतो. जलद गाण्यात प्रत्येक सूर इतका थोडा वेळ टिकतो, की त्याचा कस लागतच नाही. आकड्यांच्या लिपीतली पुस्तके याला हातभार लावतात. चार रेघा, त्यांवर पडद्याचे आकडे, आकडा दाबला की गाणे. बोट कुठे ठेवायचे हे कळले, पण वाजलेला स्वर षड्जापासून किती दूर आहे, हे त्याला विचारावेसेही वाटत नाही. महाराष्ट्रात गणपतीच्या मिरवणुकीत आणि लग्नाच्या वरातीत बेंजो वाजवणारी मुले पाहा. त्यांच्याजवळ पुस्तक नाही, आकडेही नाहीत. ती पार्टीत बसून, शेजारच्याचे ऐकत, चुकले की तिथल्या तिथे ऐकून घेत शिकली आहेत. त्यांच्या चुका पकडायला रस्ताभर माणसे आहेत.

उत्साही : हे उदाहरण मला पुस्तकाविरुद्ध वाटत नाही. त्यातून पुस्तकासाठी एक नवी कसोटी मिळते. आपल्या प्रौढाला पार्टी नाही, पण भजनाची बैठक आहे. भिलाईत मराठी घरे आहेत, गणेशोत्सव आहे, एकादशी आहे, हार्मोनियम आणि तबला घेऊन बसणारी माणसे आहेत. मग पुस्तक असे निवडावे, की त्यातले शिकलेले या बैठकीत वाजवता येईल. आयरिश नाचाची चाल त्याने कितीही सफाईने बसवली, तरी त्याच्याबरोबर ती गाणारा इथे कोणी नाही. चुकली तरी कोणाला कळणार नाही. अभंगाची चाल सगळ्यांना येते. तो अर्धी मात्रा मागे पडला की तबलजी मान वर करील, सूर सुटला की गाणारी बाई थांबेल. तुम्ही मागत होतात तो चूक पकडणारा हा असा समुदायात सापडतो. त्यातही एक व्यवहाराची गोष्ट पुस्तक निवडताना पाहावी. भजनाची पट्टी गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे ठरते, काळी एक, काळी चार, काहीही. ज्याने आकडे पाठ केले, तो तिथे अडतो. ज्याने ‘क्रमिक’वरून स्वरांची परस्परांतली अंतरे शिकली, तो षड्ज दुसऱ्या पडद्यावर सरकवून तेच नाते पुन्हा मांडू शकतो. त्याला कष्ट पडतील, मोकळ्या तारांची सोय जाईल, पण वाट बंद होणार नाही. म्हणून लिपीची निवड ही शेवटी सोबतीची निवड आहे. आकड्यांची लिपी एकट्याला लवकर वाजते करते आणि बैठकीत पांगळे करते. सारेगमची लिपी उशिरा फळ देते.

संशयी : सोबत ही कसोटी मला पटते, आणि तिची किंमतही सांगायला हवी. बैठक चूक पकडते, पण कोणती? गाणे अडले तेवढीच. चौथे बोट कधीच वापरले नाही, उलटा आघात कच्चा आहे, पिकचा आवाज कर्कश येतो, यांनी भजन अडत नाही. हार्मोनियमच्या मागोमाग तीच चाल वाजवत दहा वर्षे जातील आणि बैठकीतले सगळे त्याला चांगला वाजवतो म्हणतील, प्रेमाने म्हणतील. जुन्या पद्धतशीर पुस्तकांतली जी कंटाळवाणी पाने आहेत, उलट-सुलट आघातांची, चार बोटांची, एकाच सुरावर मिनिटभर हात चालवण्याची, ती कोणत्याही बैठकीची मागणी नसते. ती पाने कोणी मागत नाही म्हणूनच पुस्तकात असतात. मग प्रौढाने कोणाचे ऐकायचे? पुस्तकाच्या क्रमाचे, की बैठकीच्या गरजेचे? मुलाच्या बाबतीत हा निर्णय आईबाप किंवा गुरू घेतात. प्रौढाला तो स्वतःच घ्यायचा असतो, आणि निर्णयासाठी लागणारे ज्ञान त्याला शिकून झाल्यावर मिळणार असते.

उत्साही : त्याने दोन्हींना वेळ वाटून द्यावा, हे सोपे उत्तर झाले. मी ते देत नाही, कारण पाळी करून आलेल्या माणसाजवळ वाटायला तितका वेळच नसतो. माझे म्हणणे असे, की पुस्तकाचा क्रम त्याने मोडावा, पण विचारून मोडावा. या आठवड्यात जो अभंग बसवायचा आहे, त्यात कोणती जागा अडते ते पाहावे आणि पुस्तकातले त्याच अडचणीचे पान शोधावे. आघातांसाठी तर सरोदचे पुस्तकही उपयोगी पडेल. तिथेही जव्याने तार छेडतात, आणि दा-रा, दिर यांचे बोल खाली-वर आघातांशी जुळवून घेता येतात. प्रौढाला मुलाहून एक गोष्ट अधिक येते. कारण समजले तर तो कंटाळवाणे काम करतो. म्हणून प्रत्येक सरावामागचे कारण सांगणारे पुस्तक त्याच्यासाठी चांगले. नुसते ‘शंभर वेळा वाजवा’ म्हणणारे मुलासाठी असेल. आणि एक वही ठेवावी. बैठकीतले गाणे ऐकून स्वतः स्वरलिपीत लिहावे. छापील लिपी वाचण्यापेक्षा स्वतः लिहिताना कान किती ऐकतो, ते उघडे पडते.

संशयी : लिहिताना तो एका जागी नक्की थांबेल, आणि मला वाटते आपला सगळा वाद त्या जागेवर येऊन ठेपतो. अभंगाच्या ओळीच्या शेवटी गाणारा सूर धरून ठेवतो. भातखंड्यांच्या लिपीत त्या ठिकाणी स्वर येतो आणि त्यापुढे आडव्या रेघा येतात, एकेका मात्रेला एकेक. वहीत तो त्या रेघा काढील आणि लिपी अचूक असेल. आता वाजवायचे काय? गळ्यातला सूर त्या चार मात्रांत फुलतो, मॅन्डोलिनचा सूर छेडल्या क्षणापासून विरत जातो. इटालियन परंपरा म्हणते, पिक भराभर खाली-वर चालवून सूर अखंड भासवा, आणि सिनेमातल्या मॅन्डोलिनची ओळखच त्या थरथरीतून झाली आहे. पण अभंगाच्या संथ ओळीवर ती थरथर अनेकदा परकी वाटते, गाण्यापेक्षा वाद्याकडे लक्ष ओढते. श्रीनिवास यांनी दुहेरी तारा सोडून पाच एकेरी तारांचे विजेवर चालणारे मॅन्डोलिन घेतले, म्हणजे सूर टिकवण्यासाठी आणि वाकवण्यासाठी वाद्यच बदलले. तिसरा मार्ग म्हणजे सूर विरू द्यावा आणि उरलेल्या मात्रा तबल्याला द्याव्यात. तुमचे इंग्रजी पुस्तक पहिले उत्तर देईल, कारण ते त्याच्या संगीतातले उत्तर आहे. ‘क्रमिक’ काहीच सांगणार नाही, कारण ते गळ्यासाठी लिहिले आहे. बैठकीतली माणसे म्हणतील, काहीही कर पण समेवर ये.

उत्साही : तर मग त्या रेघांचे काय करायचे हे ठरवण्याइतका कान तयार होईपर्यंत तरी पुस्तक पुरे, असे म्हणा.

संशयी : तेच मला म्हणता येत नाही. त्या चार मात्रांत काय भरायचे, हे तो दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच ठरवून बसलेला असतो, हातातल्या पुस्तकात जे चित्र होते त्यावरून. नंतर कान तयार झाला, तरी तोवर मनगटाला एक वळण लागून गेलेले असते. ते पुन्हा सैल करायला मनगट तयार असेल का, आणि पन्नाशीत असेल का, हे मला तुमच्याकडून ऐकायचे आहे.

उत्साही : तयार असेल, एवढेच मी आज म्हणू शकतो, आणि त्याचा पुरावा पुस्तकात शोधायला मी जाणार नाही. पण पुस्तक निवडताना आता मी पाने उलटून आधी ती जागा पाहीन. लांब सुराचे काय करावे, याला एकाहून अधिक उत्तरे आहेत, हे सांगणारे पुस्तक आहे का, आणि असले तर ती उत्तरे कोणत्या पानावर सांगितली आहेत, सराव सुरू होण्याआधी की नंतर.

संशयी : आणि तसे पुस्तक तिन्ही भाषांत मिळाले नाही तर?